मोठ्या उष्णकटिबंधीय वनस्पती उद्यानात पहिल्यांदा जाताना

पहिल्यांदा जाणारे बहुतेक जण गेटपासून जे जवळ असेल ते आधी पाहतात आणि तसेच पुढे चालत सुटतात. साडेअकराच्या सुमारास ते भर उन्हात मोकळ्या हिरवळीवर पोचतात. तोवर कमळं मिटायला लागलेली असतात, बाटली तळाला गेलेली असते आणि दाट सावलीचा जंगलाचा तुकडा दीड किलोमीटर मागे राहिलेला असतो. उष्ण प्रदेशातली बाग घड्याळ बघून पाहायची असते, नकाशा त्यानंतर. कुठल्या विभागाची वेळ कुठली हे आदल्या रात्री ठरवलं, तर तीच बाग निम्म्या दमणुकीत दुप्पट पाहून होते.

आणखी एक गोष्ट आधीच लक्षात घ्यावी. वनस्पती उद्यान म्हणजे झाडांचा संग्रह. तिथल्या झाडांची वहीत नोंद असते आणि त्यातली बरीचशी कामासाठी आणलेली असतात. कोलकात्याजवळ शिबपूरचं उद्यान १७८७ साली रॉबर्ट किड या लष्करी अधिकाऱ्याच्या सूचनेवरून सुरू झालं, ते व्यापाराला उपयोगी झाडं लावून पाहण्यासाठी. जावा बेटावर बोगोरच्या उद्यानात १८४८ साली लावलेल्या चार रोपांपासून आग्नेय आशियातल्या तेल-ताडाच्या मळ्यांची सुरुवात झाली. सिंगापूरच्या उद्यानात तिथले संचालक हेन्री रिडली यांनी झाड न मारता रबराचा चीक काढायची पद्धत बसवली. म्हणून अशा बागेत मसाल्यांचा, रबराचा, तेलबियांचा जुना विभाग हमखास असतो. फुलांच्या ताटव्यांपुढे तो फिका दिसतो आणि लोक तिथे वळतही नाहीत. आमच्या मते पहिल्या भेटीत वगळू नये असा विभाग तोच.

आदल्या दिवशी: आकाराचा हिशेब

एक हेक्टर म्हणजे शंभर मीटर लांब आणि शंभर मीटर रुंद तुकडा. श्रीलंकेतलं पेरादेनियाचं उद्यान साधारण ६० हेक्टरांचं आहे, सिंगापूरचं ८२, बोगोरचं ८७ आणि शिबपूरचं १०९. आकडे ऐकून अंदाज येत नाही, तेव्हा असं मोजा: पाट्या वाचत, थांबत, फोटो काढत माणूस तासाला दीड ते दोन किलोमीटरच चालतो. तीन तासांत फार तर सहा किलोमीटर होतात. साठ हेक्टरांच्या बागेतले सगळे रस्ते आणि पायवाटा मिळून याच्या कितीतरी पट भरतात. म्हणजे ‘सगळं पाहू’ हा बेत मुळातच फसणारा आहे. अर्ध्या दिवसाला चार विभाग, पूर्ण दिवसाला सहा ते सात, आणि मध्ये बसायला किमान तासभर, एवढंच धरा.

मग उद्यानाच्या अधिकृत माहितीतून एवढं काढून ठेवा. उघडण्याची वेळ आणि शेवटचा प्रवेश किती वाजता, कारण तिकीट खिडकी बरेचदा बाग बंद होण्याच्या आधी बंद होते. कोणत्या भागाला वेगळं तिकीट आहे: सिंगापूरला बाग मोफत आहे, पण आतल्या राष्ट्रीय ऑर्किड उद्यानाला तिकीट पडतं, आणि हे तिथे पोचल्यावर कळलं की वेळेचं गणित बिघडतं. गेट किती आणि तुम्ही कुठल्या गेटने शिरणार: मोठ्या बागेची दोन गेटं एकमेकांपासून किलोमीटरभर लांब असू शकतात. परतीची गाडी दुसऱ्याच गेटला बोलावून ठेवणारे लोक रोज भेटतात. शेवटचं, दुरुस्तीसाठी काय बंद आहे. काचघरं आणि झुलते पूल यांची कामं वारंवार निघतात.

ऋतूबद्दल एक गैरसमज असतो की विषुववृत्ताजवळ बारा महिने सगळं फुललेलं असतं. हिरवं असतं हे खरं. फुलांचं मात्र ज्याच्या त्याच्यावर असतं. जिथे कोरडा ऋतू ठळक आहे तिथे बहावा, गुलमोहर यांसारखे मोठे वृक्ष उन्हाळ्यात, पावसाच्या आधी फुलतात. आल्याच्या कुळातली झाडं, नेचे, शेवाळं आणि अळंबी यांची खरी मजा पाऊस सुरू झाल्यावर. ऑर्किडच्या घरात कुंड्या आलटून पालटून आणून मांडतात, त्यामुळे तिथे रिकाम्या हाताने परत यावं लागत नाही.

दोन वनस्पती मात्र साऱ्या बेताला धक्का देऊ शकतात. टायटन अरम हा सुरणाचा सुमात्रामधला भाऊबंद. त्याला फूल यायला अनेक वर्षं लागतात आणि उमललं की एक ते दोन दिवसांत कोसळतं. सडक्या मांसासारखा वास पहिल्या रात्री सगळ्यांत तीव्र असतो. त्याच्या कळीची बातमी उद्यानं समाजमाध्यमांवर देतात, ती आली की बाकी सगळं मागे टाकून जायचं. दुसरा तालिपोत ताड. तो साधारण तीस ते ऐंशी वर्षं वाढतो, एकदाच शेंड्यावर प्रचंड फुलोरा काढतो, फळं पिकवतो आणि मरतो. पण फळं पिकायला वर्षभर लागत असल्याने इथे घाई नाही. फुलोरा लागल्याचं कळल्यावर काही महिन्यांनी गेलात तरी झाड उभं असतं.

पिशवीत काय असावं

पाणी: माणशी तासाला अर्धा ते पाऊण लिटर. हवा दमट असली की घाम वाळत नाही, अंग गार होत नाही, आणि तहान उशिरा लागते. डोकं दुखायला लागल्यावर पाणी प्यायला सुरुवात केली तर उरलेला दिवस गेला. एक लिटर बरोबर घ्या आणि भरायच्या जागा नकाशावर खुणावून ठेवा. त्या बहुधा गेटपाशी आणि खानपानगृहापाशीच असतात, मधल्या पट्ट्यात नाही.

कपडे सैल, फिक्या रंगाचे, पूर्ण बाह्यांचे. जाड सुती कापड आणि जीन्स नको. एकदा भिजली की दिवसभर वाळत नाहीत आणि मांड्या घासून निघतात. बूट तळाला खाचा असलेले हवेत. दगडी पायऱ्या आणि विटांच्या वाटांवर शेवाळाचा पातळ थर असतो, तो कोरडा दिसला तरी निसरडा असतो, आणि पडणारे बहुतेक जण चढताना नाही, उतरताना पडतात. पावसासाठी रेनकोटपेक्षा छत्री बरी, कारण रेनकोटाच्या आत घामाने माणूस तितकाच भिजतो. विजा चमकत असतील तर मात्र छत्री मिटायची.

डासांचा बंदोबस्त दिवसाही हवा. डेंग्यू पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो, सकाळचे काही तास आणि सूर्यास्ताआधीची वेळ त्याची. वीस ते तीस टक्के डीट असलेलं किंवा पिकारिडिनचं मलम चालतं. क्रम महत्त्वाचा आहे: आधी उन्हाचं मलम, ते पंधरा-वीस मिनिटं मुरल्यावर डासांचं. उलटा क्रम केलात तर वरचा थर खालच्याला झाकून टाकतो. ओल्या जंगलवाटांवर जळवा असतील तर पँट मोज्यात खोचा. चिकटलेली जळू ओढू नका, तिच्या तोंडाच्या बाजूने नख सरकवा म्हणजे सुटते.

कॅमेऱ्याचं एक खास दुखणं. वातानुकूलित खोलीतून थेट बागेत आलात की भिंगावर वाफ धरते आणि पुसून जात नाही, पुन्हा धरते. कॅमेरा बंद पिशवीत ठेवून वीस ते तीस मिनिटं बाहेरच्या हवेला येऊ द्या, मगच काढा. नाहीतर सकाळचा सोन्यासारखा प्रकाश पुसापुशीतच जातो.

गेटवर दहा मिनिटं

आत शिरताच चालायला लागू नका. नकाशाच्या फलकाचा फोटो काढा, कारण आत मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही. मग पहारेकऱ्याला किंवा माहिती खिडकीवर तीनच गोष्टी विचारा: आज काय फुललंय, आज काय बंद आहे, आणि सगळ्यांत लांबच्या टोकाला स्वच्छतागृह आहे का. पहिल्या प्रश्नाचं उत्तर माळ्याकडून मिळालं तर सोनं. ‘काय बघण्यासारखं आहे?’ असं विचारलंत तर जे सगळ्यांना सांगतात तेच तुम्हालाही सांगतील.

बॅटरीवरची गाडी असेल तर ती फेरफटक्यासाठी घेऊ नका. गाडीतून झाडं भिंतीसारखी सरकत जातात आणि पाटी एकही वाचता येत नाही. तिचा खरा उपयोग वेगळा आहे. सकाळी सर्वांत लांबच्या टोकाला तिच्यातून जा आणि तिथून पायी गेटकडे परत या. दमत जाल तसं गेट जवळ येत जातं. वयस्कर माणसं किंवा लहान मुलं बरोबर असतील तर हाच एक निर्णय दिवस वाचवतो.

पहिले दोन तास: उघड्यावरचं सगळं

विषुववृत्ताच्या आसपास दिवस बारा महिने साधारण बारा तासांचा असतो. सूर्य सहाच्या आसपास उगवतो आणि नऊनंतर झपाट्याने माथ्यावर चढतो. ज्या जागी सावली नाही त्या सगळ्या याआधी उरकायच्या: कमळतळं, हिरवळ, ताडांच्या रांगा, निवडुंगाची बाग.

सुरुवात तळ्यापासून करा. कमळ पहाटे उमलतं आणि दुपारपर्यंत मिटतं. रात्री फुलणाऱ्या कुमुदिनी संध्याकाळी उमलतात, त्या सकाळी नऊ-दहापर्यंत उघड्या सापडतात. दिवसा फुलणाऱ्या त्याच सुमारास उघडायला लागतात. म्हणजे साडेआठ-नऊ ही एकच वेळ अशी आहे की तिन्ही एकत्र दिसण्याची शक्यता असते.

परातीसारख्या पानांची राजकमळं, म्हणजे व्हिक्टोरिया, यांची गोष्ट निराळी. मॉरिशसच्या पाम्प्लमूसच्या उद्यानातलं यांचं तळं प्रसिद्ध आहे. पान अडीच-तीन मीटरपर्यंत रुंद होतं आणि त्याची कड ताटाच्या काठासारखी वर वळलेली असते. काठावर बसून एखादं उलटं वळलेलं कोवळं पान शोधा. त्याच्या खालच्या बाजूला जाड शिरांचं जाळं आणि त्यावर काटे दिसतात. त्या शिरांमध्ये हवा असते, म्हणून एवढं मोठं पान तरंगतं. फूल मात्र सूर्यास्ताला उमलतं. पहिल्या रात्री ते पांढरं आणि सुगंधी असतं, आतून चक्क गरम होतं आणि भुंगेऱ्यांना ओढून घेतं. पहाटे मिटून त्यांना आत कोंडतं, दुसऱ्या संध्याकाळी गुलाबी होऊन परागकणांनी माखलेले भुंगेरे सोडतं आणि मग पाण्याखाली जातं. बाग पाच वाजता बंद होत असेल तर हे फूल उमलताना दिसणार नाही हे आधीच मान्य करा. सकाळी पानं पाहा.

ताडांच्या रांगेत फोटोसाठी लोक मधोमध उभे राहतात ते ठीक, पण बुंध्याला टेकून बसू नका. रॉयल पामची झावळी वीस किलोंच्या आसपासही भरते आणि ती वाळली की वारा नसतानाही आपसूक सुटते. ब्राझीलमधल्या रिओच्या उद्यानातला १८०९ साली लावलेला मूळ रॉयल पाम १९७२ साली वीज पडून गेला. ही झाडं आजूबाजूच्या सगळ्याहून उंच असतात, त्यामुळे ढग दाटल्यावर या रांगेत थांबायचं नसतं. खाली पडलेल्या झावळ्या ताज्या आणि बऱ्याच असतील, तर माळ्यांनी अजून ती रांग साफ केलेली नाही असं समजा आणि बाजूने जा.

नऊ ते साडेअकरा: मोठे वृक्ष आणि मसाले

आता सावलीत शिरा. इथे पाटी वाचता आली पाहिजे, नाहीतर सगळंच नुसतं हिरवं. एक पाटी नीट पाहू. समजा झाडाला लांब लोंबते लाल-पिवळे घोस आहेत आणि पाटीवर आहे: फॅबेसी, ॲम्हर्स्टिया नोबिलिस वॉल., म्यानमार, १९८७०१२३. पहिला शब्द कूळ. ‘एसी’ने संपतो तो कुळाचाच शब्द, आणि फॅबेसी म्हणजे शेंगांचं कूळ, वाटाण्याचं आणि चिंचेचं. मधले दोन शब्द शास्त्रीय नाव. ‘वॉल.’ हा झाडाचा भाग नाही, नाव देणाऱ्याची सही आहे: नॅथॅनिएल वॉलिच, शिबपूरच्या उद्यानाचे अधीक्षक. ज्या लेडी ॲम्हर्स्ट आणि त्यांच्या मुलीच्या नावावरून झाडाचं नाव पडलं त्या गव्हर्नर जनरलच्या घरातल्या. ‘रॉक्सब.’सारखं काही दिसलं तर शिबपूरचेच आधीचे अधीक्षक विल्यम रॉक्सबर्ग, आणि नुसता ‘एल.’ असेल तर दोन शब्दी शास्त्रीय नावांची पद्धत रूढ करणारे लिनिअस. देश दिला आहे तो मूळ अधिवास, रोप जिथून आणलं तो नव्हे. शेवटचा आकडा नोंदणी क्रमांक, आणि त्याचे पहिले चार अंक बहुधा झाड संग्रहात आलं ते वर्ष सांगतात. मराठीत हे झाड उर्वशी. नाव कुणी दिलं असेल ते असो, पाहिल्यावर पटतं.

पाटीने फसगत होते ती दोन ठिकाणी. खोडावर वेल चढलेला असेल तर पाटी वेलाची असू शकते, तेव्हा आधी पाटीवरचं कूळ आणि समोरचं पान जुळतंय का ते बघा. दुसरं, जमिनीत खोचलेल्या पाट्या गवत कापताना आणि पावसात इकडच्या तिकडे होतात. खोडाला स्प्रिंगने लावलेली पाटी जास्त भरवशाची. स्प्रिंग असते ती खोड जाड होत जाईल तशी ताणली जावी म्हणून. मोबाइलमधली ओळख सांगणारी ॲप ताड आणि वड-पिंपळाच्या जातींमध्ये सहज चुकतात. नंतर ओळख पटवायची असेल तर पाच फोटो या क्रमाने काढा: पाटी, पूर्ण झाड, साल, पानाच्या दोन्ही बाजू, फूल किंवा फळ. पाटी पहिली काढली की घरी गेल्यावर कुठले फोटो कुठल्या झाडाचे हा घोळ होत नाही.

कैलासपतीचं झाड वासाने आधी कळतं, सकाळी जास्त. फुलं फांद्यांच्या टोकाला न येता थेट खोडातून फुटलेल्या लोंबत्या काटक्यांवर येतात, आणि फळं तोफेच्या गोळ्याएवढी, तशीच जड. पेरादेनियाला १९०१ साली, पुढे पाचवा जॉर्ज झालेल्या राजपुत्राने लावलेलं कैलासपतीचं झाड अजून दाखवतात. फुलाचा फोटो काढा आणि खोडापासून लांब सरका, बाक खाली ठेवलेला असला तरी.

शिबपूरचा वटवृक्ष हा झाड कसं पाहावं याचा उत्तम धडा आहे. एकोणिसाव्या शतकातल्या वादळांनी त्याला इजा झाली, बुरशी लागली आणि १९२५ साली मूळ खोड काढून टाकावं लागलं. आज जे उभं आहे ते तीन हजारांहून जास्त पारंब्यांवर. बाहेरून ते जंगलच वाटतं. लोक एक फोटो काढून निघतात. त्याऐवजी परिघाच्या रस्त्याने पूर्ण चक्कर मारा आणि अधूनमधून थांबून नुसत्या पारंब्या पाहा: हवेत लोंबणारी केसासारखी, नुकतीच जमिनीला टेकलेली दोरीएवढी, आणि खोडच झालेली. जमिनीला टेकेपर्यंत पारंबी बारीकच राहते, टेकली की भराभर जाड होते.

बांबूचं बेट थंड असतं म्हणून लोक तिथे विसावतात. थोरल्या बांबूच्या कोंबाला पावसाळ्यात हात लावू नका. तो दिवसात वीतभर वाढू शकतो, पण त्या वयात नखानेही खरचटतो आणि कोंबावरचे केसाळ तुरे त्वचेत शिरून खाज आणतात. बांबूवर कोरलेली नावं हा सगळ्या जगातल्या बागांचा शाप आहे. बांबूचं कांड जन्मतः जेवढं जाड तेवढंच राहतं, त्यामुळे ती जखम कधी भरून येत नाही.

मसाल्यांच्या विभागात काहीही खुडायचं नाही, पण खाली पडलेलं पान उचलून चुरगाळायला सहसा कुणी हरकत घेत नाही. दालचिनी, लवंग, जायफळ तिघांची पानं वेगवेगळी चुरगाळून डोळे मिटून ओळखा. मुलांना हा खेळ तासभर पुरतो. जायफळ झाडावर तडकलेलं दिसलं तर आत लालभडक जाळी दिसेल, तीच जायपत्री. काळ्या मिरीचा आणि व्हॅनिलाचा वेल शोधताना झाडांकडे न बघता त्यांच्या आधाराच्या खांबांकडे बघा. चव मात्र कशाचीही घेऊ नका. कण्हेर, गुंज, डिफेनबॅकिया अशी विषारी झाडंही याच बागेत असतात, आणि पाटीवर धोक्याची खूण असेलच असं नाही.

दुपार

आता पायांना विश्रांती. खानपानगृह, संग्रहालय किंवा वातानुकूलित थंड घर, जिथे डोंगरमाथ्यावरची धुक्यातली झाडं ठेवलेली असतात. साधं काचघर मात्र दुपारी टाळा, आत बाहेरपेक्षाही कोंदट होतं. जाळीच्या सावलीतलं ऑर्किडघर आणि नेचेघर चालतं.

ऑर्किडघरात माणसं फुलांचेच फोटो काढत जातात. एकदा मुळांकडे बघा. झाडावर किंवा लाकडाच्या तुकड्यावर बांधलेल्या आमरीची, म्हणजे ऑर्किडची, मुळं हवेत लोंबत असतात, पांढुरकी आणि जाड. पाणी मारलं की काही क्षणांत ती हिरवी होतात, कारण बाहेरचं स्पंजासारखं आवरण पाणी शोषून पारदर्शक होतं. ही झाडं बांडगुळासारखी दुसऱ्याचा रस पीत नाहीत, फक्त उंचीवर जागा घेतात. नेच्याच्या पानामागे ओळीत बसलेले तपकिरी ठिपके ही कीड नव्हे, तीच त्याची बीजाणूंची पिशवी. दर दुसरा माणूस ‘याला रोग पडलाय’ म्हणून पुढे जातो.

दुपारनंतर पाऊस हा नियमच धरा. बोगोरला तर ‘पावसाचं शहर’ म्हणतात. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांपेक्षा कमी वेळ गेला, तर भक्कम भिंती आणि छप्पर असलेल्या इमारतीत जा. एकाकी झाड आणि उघडा मंडप दोन्ही धोक्याचे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. पाऊस ओसरल्यावर पट्टी बांधून अडवलेल्या वाटेत शिरू नका. भिजलेल्या मातीत जुनी झाडं उन्मळतात आणि तडा गेलेली फांदी वादळ संपल्यावर तासाभरानेही पडते. २०१७ च्या फेब्रुवारीत सिंगापूरच्या उद्यानात दोनशे सत्तर वर्षांहून जुना टेम्बुसू वृक्ष असाच कोसळला आणि एका महिलेचा जीव गेला. पट्टी उगाच बांधत नाहीत.

पण पाऊस थांबल्यावरची पहिली वीस मिनिटं पावसाच्या जंगलाच्या तुकड्यासाठी राखून ठेवा. सिंगापूरला असा सुमारे सहा हेक्टरांचा तुकडा बागेच्याही आधीपासूनचा आहे. पानांची टोकं सुईसारखी निमुळती का असतात ते तेव्हाच कळतं: पाणी टोकाला गोळा होऊन थेंब गळतो आणि पान लगेच मोकळं होतं. तळाशी भिंतीसारखी पसरलेली मुळं दिसतील, उथळ मातीत उंच झाडाला त्यांचाच आधार. त्यांवर उभं राहून फोटो काढायचा मोह आवरा. पायाने दाबली गेलेली माती मुळांना हवा देत नाही, आणि वाटेबाहेर न जाण्याच्या पाटीमागचं कारण तेच आहे. फोटोत पानं पांढरी चमकत असतील तर ध्रुवण-फिल्टर लावून फिरवा, चकाकी जाऊन खरा हिरवा रंग येतो.

प्राणी आणि शेवटचा तास

माकडांपुढे पिशवी उघडू नका, खाणं नसलं तरी. खुळखुळणारं प्लास्टिक त्यांना पुरतं. घोरपड वाटेत आडवी आली तर थांबून जाऊ द्या. पेरादेनियाला दिवसा झाडांना लटकलेली वटवाघळं शेकड्याने दिसतात, त्यांच्या थेट खाली उभं राहून वर बघणं शहाणपणाचं नाही आणि तोंड उघडं ठेवून तर नाहीच. अर्धवट खाल्लेली फळं उचलू नका.

बंद होण्याआधी पाऊण तास गेटच्या दिशेने चालायला लागा. सूर्य मावळल्यावर विषुववृत्ताजवळ संधिप्रकाश फार वेळ राहत नाही, वीस-पंचवीस मिनिटांत अंधार पडतो, आणि आतल्या वाटांवर दिवे नसतात. घंटा किंवा शिट्टी ऐकू येते ती बागेच्या एका टोकाला. दुसऱ्या टोकाला येईलच असं नाही.

बाहेर पडल्यावर एक काम राहतं. बुटांचे तळवे, मोजे आणि पँटच्या दुमडी झटका. त्यात चिकटलेल्या बिया आणि माती दुसऱ्या देशात गेल्या तर तण आणि रोग घेऊन जातात. विमानतळावर ‘माती, बिया, रोपं आहेत का’ असं विचारतात ते याचसाठी. बागेतल्या दुकानातून रोप घेतलंच तर वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र मागून घ्या. ऑर्किड असेल तर धोक्यातल्या जातींच्या व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय करारात ते अख्खं कूळच येतं, म्हणून त्याची परवानगीही विचारा. बाटलीत बंद, निर्जंतुक जेलीवर वाढवलेली रोपं नेणं त्यातल्या त्यात सोपं असतं, पण तुम्ही जिथे उतरणार त्या देशाचा नियम विकत घेण्याआधी पाहा, पैसे दिल्यावर नाही.